रोज चार किलोमीटर चालणारे अण्णा घरातच पडले : तोल सांभाळायचे घरगुती व्यायाम

ओसरी

माझे वडील, अण्णा. वय ७४. पहाटे साडेपाचला बूट घालून बाहेर पडायचं, चार किलोमीटर चालून सातला घरी यायचं, हा नेम गेली पंधरा वर्षं त्यांनी पावसाळ्यातही मोडला नाही. शुगर नाही, बीपीची एकच गोळी. त्यामुळे अण्णा ठणठणीत आहेत असंच आम्ही सगळे धरून चाललो होतो.

मार्चमध्ये एका रात्री अडीचच्या सुमाराला ते लघवीला उठले. पलंगापासून संडासापर्यंत मोजून बारा पावलं. मध्ये दीड इंचाचा उंबरा. त्याला पायाचा अंगठा अडकला आणि सावरायला दुसरा पाय वेळेत पुढे आला नाही. उजव्या हातावर पडले, मनगट मोडलं. हात पुढे आला म्हणून मनगटावर निभावलं, कुशीवर पडले असते तर खुबा गेला असता, असं डॉक्टर म्हणाले.

प्लॅस्टर निघाल्यावर हाताच्या व्यायामासाठी एक फिजिओथेरपिस्ट ताई घरी यायला लागल्या. दुसऱ्याच दिवशी त्यांनी अण्णांना जेवणाच्या टेबलाजवळच्या खुर्चीत बसवलं आणि सांगितलं, "काका, हात छातीवर घ्या आणि अर्ध्या मिनिटात जितक्या वेळा उठून पूर्ण उभं राहता येईल तितक्या वेळा उठा." अण्णा सात वेळा उठले आणि धापा टाकत बसले. सत्तर ते चौऱ्याहत्तर वयाच्या पुरुषाला बारापेक्षा कमी जमलं तर पाय कमजोर समजतात, ही अमेरिकेतल्या सीडीसी या सरकारी आरोग्यसंस्थेची मोजणी. मग एका पायाची टाच दुसऱ्याच्या अंगठ्याला टेकवून, एका रेषेत उभं राहायला सांगितलं. चार सेकंदांत ओट्याला हात लावावा लागला. इथे निदान दहा सेकंद टिकायला हवं.

अण्णांचा चेहरा मला अजून आठवतो. "मी रोज चालतो हो," एवढंच म्हणाले.

ताईंचं उत्तर लिहून ठेवण्यासारखं होतं. सपाट रस्त्यावर सरळ चालताना एकच हालचाल पुन्हा पुन्हा होते. माणूस पडतो तो वळताना, मागे सरकताना, अंधारात, हातात काही असताना, ठेच लागल्यावर. तेव्हा लागते मांडीची ताकद, घोट्याची चपळाई आणि झटकन पाऊल टाकायची सवय. ती चालून आपोआप येत नाही, वेगळी कमवावी लागते.

तीन महिने झाले, आम्ही स्वयंपाकघरातच हे करतोय. ओटा भक्कम असतो, कमरेच्या उंचीचा असतो आणि हलत नाही, म्हणून ताईंनी तीच जागा ठरवून दिली. आई चहाचं आधण ठेवते, तेव्हा अण्णा ओट्याला धरून टाचा उचलायला लागतात. चवड्यांवर उभं राहायचं, तीन आकडे थांबायचं, सावकाश खाली. दहा वेळा. मग उलट : टाचा जमिनीवर, बोटं आणि चवडे वर. उंबऱ्याला पाय अडकतो तो चवडा पुरेसा उचलला जात नाही म्हणून, त्यामुळे हा दुसरा व्यायाम अण्णांसाठी जास्त महत्त्वाचा. चहाला उकळी येईपर्यंत दोन्ही होतात.

चहा झाला की खुर्चीवरून उठबस. खुर्ची भिंतीला टेकलेली. पाय थोडे मागे घ्यायचे, नाक पायाच्या बोटांच्या पुढे जाईल इतकं वाकायचं आणि हात न लावता उठायचं. बसताना धपकन नाही, तीन आकडे मोजत. सगळी मेहनत त्या सावकाश बसण्यातच आहे. मग ओट्याच्या कडेने खेकड्यासारखं आडवं चालत जायचं आणि यायचं, पाय बाजूला उचलायचा, टाचेला अंगठा लावून दोरीवरून चालल्यासारखं चालायचं आणि शेवटी एका पायावर दहा सेकंद.

पहिल्या आठवड्यात अण्णा ओट्याची कड अशी घट्ट धरायचे की नखं पांढरी पडायची. तिसऱ्या आठवड्यात नुसता तळवा टेकवायला लागले. आता दोन बोटांची टोकं. माझ्या मते प्रगती मोजायची असेल तर त्या बोटांकडे बघावं.

तुमच्या घरी वडील, सासरे, काका काय करतात? काय जमतं, काय जमत नाही? सविस्तर लिहा.

मोगरा

फार वेळेवर आलेला धागा. माझे बाबा ७९, दोन्ही गुडघे झिजलेत. खुर्चीतून हात न लावता उठणं त्यांना शक्यच नाही, प्रयत्न केला की कळ येते. अशांनी काय करावं?

निशिगंधा_फिजिओ

मी फिजिओथेरपिस्ट आहे, ज्येष्ठांबरोबरच जास्त काम करते. ओसरी, तुमच्याकडे आलेल्या ताईंनी अगदी योग्य दिशा दिली आहे.

मोगरा, खुर्ची उंच करा. खुर्चीवर घट्ट दुमडलेली गोधडी किंवा न दबणारी उशी ठेवा, म्हणजे गुडघा कमी वाकतो आणि ताकद कमी लागते. पहिले दोन आठवडे हातांचा आधार घेऊ द्या, मग एकाच हाताचा, मग हात सोडून. जमलं की गोधडीची एक घडी कमी करा. स्नायूंना थकवा जाणवला, दुसऱ्या दिवशी मांड्या थोड्या दुखल्या तर चालतं. सांध्यात टोचल्यासारखी कळ आली किंवा गुडघा सुजला तर कमी करा. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी मांडीची ताकद वाढवायलाच हवी, कारण ती मांडीच गुडघ्याचा भार उचलते.

सगळ्यांसाठी काही गोष्टी. समोर ओटा आणि मागे खुर्ची अशा दोन्हींच्या मध्ये उभं राहून व्यायाम करावा, म्हणजे कुठल्याही बाजूला तोल गेला तरी आधार आहे. अनवाणी किंवा घोटा धरणाऱ्या बुटात करा. मोजे घालून फरशीवर कधीच नाही. पहिले काही दिवस घरातलं कोणीतरी हाताच्या अंतरावर असावं, पण धरून ठेवू नये. आपण धरलं की त्यांचं शरीर तोल सांभाळायला शिकत नाही.

छातीत दुखणं, चक्कर, नुकतंच ऑपरेशन, सहा महिन्यांत दोनदा पडणं, यांपैकी काही असेल तर आधी डॉक्टरांना दाखवा आणि मगच सुरू करा.

वाटसरू

म्हणजे चालणं बंद करायचं का? आमच्या बागेत सत्तर-ऐंशीचे कितीतरी जण रोज चालतात.

निशिगंधा_फिजिओ

अजिबात नाही. हृदय, शुगर, मन, झोप या सगळ्यासाठी चालणं हवंच. पण पडणं टाळायला नुसतं चालणं पुरत नाही, हे अभ्यासांतून पुन्हा पुन्हा दिसलं आहे. ज्यांचा तोल आधीच कच्चा आहे त्यांना "झपझप चाला" सांगू नये, आधी तोल आणि पाय घट्ट करावेत.

२०१९ मध्ये कॉक्रेन या संस्थेने जगभरातले १०८ अभ्यास एकत्र तपासले, त्यात तेवीस हजारांवर ज्येष्ठ होते. व्यायाम करणाऱ्यांचं पडण्याचं प्रमाण साधारण २३ टक्क्यांनी कमी झालं. तोलाचे व्यायाम आणि ताकदीचे व्यायाम दोन्ही करणाऱ्यांत ते सुमारे ३४ टक्क्यांनी खाली आलं. इतका फरक पाडणारी एखादी गोळी असती तर आपण ती रोज न चुकता दिली असती.

दक्षिणवारा

मी न्यूझीलंडमध्ये राहते, म्हणून लिहावंसं वाटलं. ओसरी यांनी लिहिलेले बरेचसे व्यायाम इथल्या ओटागो विद्यापीठात १९९० च्या दशकात आखलेल्या कार्यक्रमात आहेत. त्याला ओटागो कार्यक्रमच म्हणतात. पहिला अभ्यास ऐंशीच्या पुढच्या स्त्रियांवर झाला, नंतर पुरुषांवरही. चार अभ्यास मिळून हजारावर माणसं, वय ६५ ते ९७, आणि पडण्याचं प्रमाण ३५ टक्क्यांनी कमी. सगळं घरच्या घरी. फिजिओ किंवा नर्स काही वेळा घरी येते, व्यायाम शिकवते, वाढवून देते आणि मधूनमधून फोन करते. बाकी माणूस आपला आपण करतो : आठवड्यातून तीनदा ताकद आणि तोल, निदान दोनदा चालणं.

माझे सासरे ८१, आमच्याकडेच असतात. त्यांच्या घोट्याला एक किलोचं वजन बांधून खुर्चीत बसल्या बसल्या गुडघा सरळ करायला शिकवलं होतं. भारतात सुट्टीला गेले तेव्हा वजन नेलं नव्हतं, तर सासूबाईंनी जुन्या बाह्या शिवून त्यात एक एक किलो तांदूळ भरले आणि नाडीने घोट्याला बांधले. उत्तम काम झालं. परत येताना त्या पिशव्या तिथेच नणंदेच्या सासऱ्यांना देऊन आल्या.

सह्यकडा

मी स्वतः ७१ वर्षांचा. इथे लेकी-सुना, मुलगे लिहीत आहेत, आमच्या बाजूने मी लिहितो.

तरुणपणी तालमीत जायचो. दोनशे जोर, तीनशे बैठका. आमच्या पिढीतल्या पुरुषाला टाचा उचलणं हा व्यायाम वाटतच नाही. लहान मुलाला लावतात तसलं काहीतरी वाटतं. काठी हातात घेणं तर फार जड जातं, चारचौघांत म्हातारे झाल्याची कबुली दिल्यासारखं होतं. सुनेने न्हाणीघरात स्टीलचा कठडा बसवायचं काढलं तेव्हा मी वर्षभर नाही म्हणत राहिलो.

मग आमच्या सकाळच्या कट्ट्यावरचा एक मित्र घरात ट्यूब बदलायला स्टुलावर चढला आणि पडला. खुब्याचं हाड. ऑपरेशन चांगलं झालं, पण नंतर छातीत कफ भरला आणि चार महिन्यांत गेला. मुलगा शेजारच्याच खोलीत होता, हाक मारली असती तर आला असता. ही गोष्ट मी प्रत्येक समवयस्काला सांगतो. पुरुषांनो, स्टूल, शिडी, माळा, पाण्याची टाकी, आंब्याचं झाड, हे सत्तरीनंतर सोडा. त्यात कमीपणा नाही.

मी त्याच आठवड्यात कठडा बसवून घेतला आणि व्यायाम सुरू केला. आकडे लिहून ठेवतो. पहिल्या दिवशी डाव्या पायावर तीन सेकंद, उजव्यावर पाच. दीड महिन्याने डाव्यावर बारा. आकडा वाढताना दिसला की तालमीतली जुनी हौस जागी होते. घरच्यांना सुचवतो : "बाबा, पडाल हं" असं म्हणू नका. "काल नऊ झाले, आज दहा होतात का बघू" असं म्हणा.

ओसरी

सह्यकडा काका, हे अण्णांना वाचून दाखवलं. काही बोलले नाहीत, पण संध्याकाळी स्वतःहून वही मागितली.

केतकी

अजून एक बाजू मांडते, जिच्याबद्दल पुरुष बोलत नाहीत, लपवतात. प्रोस्टेट.

माझ्या बाबांना (७६) रात्री चार-चारदा उठावं लागायचं. त्यासाठी गोळी सुरू झाली आणि दहा दिवसांत ते दोनदा धडपडले. डॉक्टरांनी आधी झोपवून बीपी मोजलं आणि मग उभं करून एक आणि तीन मिनिटांनी मोजलं. वरचा आकडा २८ ने उतरला होता. झोपून उठल्यावर तीन मिनिटांत वरचा आकडा २० किंवा त्याहून जास्त उतरला तर ती काळजीची गोष्ट असते. प्रोस्टेटच्या टॅमसुलोसिनसारख्या गोळ्यांनी हे होऊ शकतं, बीपीच्या गोळ्यांबरोबर तर जास्तच. डॉक्टरांनी गोळ्या आणि वेळा बदलून दिल्या. स्वतःच्या मनाने कोणी बंद करू नका, पण "उभं करून बीपी बघा" असं डॉक्टरांना आवर्जून सांगा.

उठायची पद्धतही त्यांनीच शिकवली. डोळे उघडले की पडल्या पडल्याच दोन्ही पायांचे चवडे वीस वेळा पुढे-मागे करायचे, पोटऱ्या पिळल्या जातात आणि रक्त वर चढतं. मग कुशीवर वळून पाय खाली सोडायचे, पलंगाच्या कडेवर मिनिटभर बसायचं. मग उभं राहायचं आणि पहिलं पाऊल टाकण्याआधी तिथेच दहा मोजायचे. शिवाय रात्री लघवी बसून करायची. उभ्याने करताना मधेच भोवळ येऊन पडणारे बरेच असतात आणि ते कमोडवर किंवा बेसिनवर डोकं आपटतात. बाबांना हे सांगायला मला फार अवघड गेलं. शेवटी भावाने सांगितलं, त्यांनी ऐकलं.

जांभा

आम्ही कोकणात. इथे पावसाळ्यात अंगणातला चिरा शेवाळतो, न्हाणीघर घराबाहेर आणि वडिलांची लुंगी घोट्याच्या खाली. तिन्ही गोष्टी जुळल्या की पडलेच समजा. दरवर्षी मृगाआधी आम्ही चिऱ्यांवर ब्लीचिंग पावडर टाकून घासतो आणि न्हाणीघराच्या वाटेवर भिंतीला नायलॉनचा दोर कंबरेइतक्या उंचीवर ताणून बांधतो. लुंगीच्या जागी आखूड लेंगा आणला. पायात सपाता नाहीत, मागे पट्टा असलेली रबरी सँडल.

व्यायाम ओटीच्या पायरीवर. वडील खांब धरून एक पाय पायरीवर ठेवतात, दुसरा वर घेतात, परत खाली. दहा एका पायाने, दहा दुसऱ्याने. पायरी सहा इंचांची आहे. काही वेगळं सामान लागलं नाही.

मोगरा

योगासनं चालतील का? बाबांचा त्यावर जास्त विश्वास आहे. ताडासन, वृक्षासन करायचे पूर्वी.

निशिगंधा_फिजिओ

चालतील, ज्यावर विश्वास आहे ते माणूस टिकवून करतो. टाचा उचलून केलेलं ताडासन म्हणजे पोटऱ्यांचाच व्यायाम. वृक्षासन भिंतीला एक हात लावून करावं, तळवा मांडीवर न नेता घोट्यापाशीच टेकवावा. पण आसनांत आपण स्थिर उभे असतो आणि माणूस पडतो हालचालीत, म्हणून त्याच्या जोडीला आडवं चालणं, मागे पाऊल टाकणं, वळणं हेही हवं. आठाचा आकडा काढत चालायचा सराव खूप चांगला. दोन पाट काही अंतरावर ठेवायचे आणि त्यांच्याभोवती आठ काढत फिरायचं.

जुना मधुमेह असलेल्यांसाठी वेगळं सांगते. तळव्यांची जाणीव कमी झालेली असली तर जमीन कुठे आहे हे पायांना कळत नाही, डोळ्यांनीच सगळं सांभाळावं लागतं. त्यांनी डोळे मिटून काही करू नये, अंधारात पाऊल टाकू नये आणि तळवे रोज पाहावेत. दुहेरी नंबरच्या चष्म्यातून जिना उतरताना खालची पायरी पुसट दिसते, तेव्हा मान खाली घालून वरच्या काचेतून बघायची सवय लावा.

आणि रक्त पातळ करणारी गोळी चालू असताना डोक्याला मार लागला, तर बाहेर काही दिसत नसलं तरी लगेच दवाखान्यात न्या. आत हळूहळू रक्त साचतं आणि त्याची लक्षणं कधी कधी दिवसांनी, आठवड्यांनी दिसतात. झोपाळूपणा, बोलण्यात गोंधळ, चालताना एका बाजूला झुकणं, हे वयामुळे असेल असं समजून सोडू नका.

वाटसरू

पडल्यावर उठायचं कसं हे कोणी सांगेल का? आमचे काका पडले तेव्हा लागलं काहीच नव्हतं, पण उठता आलं नाही म्हणून दोन तास फरशीवर होते. काकू माहेरी गेल्या होत्या.

निशिगंधा_फिजिओ

हा प्रश्न विचारलात हे फार बरं केलंत. पडण्याइतकंच पडून राहणंही घातक असतं.

आधी उठायची घाई नाही. मिनिटभर पडून राहायचं, हातपाय हलवून बघायचे. खुब्यात किंवा पाठीत तीव्र कळ असेल, पाय वाकडा किंवा आखूड दिसत असेल तर उठायचं नाही, हाका मारायच्या, अंगावर काहीतरी ओढून घ्यायचं. सगळं ठीक असेल तर कुशीवर वळायचं, कोपरावर, मग हात-गुडघ्यांवर. रांगत जवळच्या भक्कम खुर्चीपर्यंत किंवा पलंगापर्यंत जायचं. दोन्ही हात त्यावर ठेवायचे, जो पाय जास्त जोराचा तो पुढे घेऊन तळवा जमिनीवर टेकवायचा, जोर देऊन उठायचं आणि वळून तिथेच बसायचं. लगेच चालायचं नाही.

याचा सराव गादी किंवा चटई घालून, घरचं कोणी जवळ असताना करा. आपल्याकडे जेवायला, पूजेला खाली बसायची पद्धत होती तोवर हे रोज व्हायचं. डायनिंग टेबल आणि कमोड आल्यावर जमिनीवरून उठणंच बंद झालं. ज्यांचे गुडघे साथ देतात त्यांनी दिवसातून एकदा तरी पाटावर बसून, आधार घेऊन उठावं. मोबाइल रात्रीही हाताशी असू द्या, उशाला कपाटावर नको, कारण खाली पडलेल्याला कपाट गाठता येत नाही.

सह्यकडा

आज नातीला सोबत घेऊन चटईवर हा सराव केला. पहिल्यांदा चार मिनिटं लागली, तिसऱ्यांदा सव्वा. रांगताना ती माझ्या पुढे रांगत होती.

ओसरी

सगळ्यांचे मनापासून आभार. आमच्याकडची ताजी हकिगत सांगतो.

उंबरा गवंड्याकडून काढून घेतला, तिथे उतार केला. पायपुसणी उचलली. बारा पावलांच्या वाटेवर खाली, पोटरीच्या उंचीवर, अंधार झाला की आपोआप लागणारे दोन दिवे बसवले. केतकी यांनी लिहिल्यावर अण्णांचं उभं राहून बीपी तपासलं, बारानेच उतरतं, डॉक्टर म्हणाले चालेल. खुर्चीवरची उठबस सातवरून तेरावर आली आहे. एका रेषेत उभं राहणं दहा सेकंद पूर्ण होतं, फक्त उजवा पाय मागे असला की आठव्याला डुलतात.

लेंगा आता पलंगावर बसूनच घालतात. हे कोणी सांगितलं नव्हतं, एका पायावर उभं राहायचा सराव करताना त्यांचं त्यांनाच कळलं की आजवर रोज सकाळी आपण केवढा धोका पत्करत होतो.

माझी खोली शेजारीच आहे. रात्री आधी त्यांच्या पलंगाची पट्टी कुरकुरते, म्हणजे चवडे हलवणं चालू झालं. मग ती थांबते, थोडा वेळ काहीच ऐकू येत नाही, म्हणजे कडेवर बसलेत. मग पावलं. मार्चपासून मी रोज रात्री ती पावलं मोजत जागा असायचो. परवा सकाळी लक्षात आलं की मी रात्रभर झोपलो होतो.

मोगरा, तुमच्या बाबांची गोधडी किती घड्यांवर आली?

मोगरा

चारवर सुरू केलं होतं. कालपासून तीन.